बोळक्या तोंडाचा अनारसा

बाबांचे सगळे दात ज्या वर्षी गेले, त्या वर्षीची दिवाळी आमच्या घरात चांगलीच गाजली. दात काही आपणहून गेले नव्हते. वीस-पंचवीस वर्षं खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, चघळून हिरड्या पार सडल्या होत्या. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारून एकदाच पाहिलं आणि सांगितलं, यातला एकही ठेवण्यासारखा नाही. मग चार खेपांत त्यानं होते नव्हते तेवढे उपटून काढले. हिरड्या भरून यायला दोन-अडीच महिने, मग माप, मग कवळी. म्हणजे कवळी येणार संक्रांतीच्या सुमाराला आणि दिवाळी तर तीन आठवड्यांवर येऊन ठेपलेली.

आमचं गाव चामोर्शीपासून बसनं अर्ध्या तासावर. घरची धानाची शेती, गावाला लागून मोठा तलाव. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, मी दहावीत होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरात आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी.

बाबा भारी बोलके होते. वावरातून घरी येताना वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबून चार गोष्टी केल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडत नसे. हसले की गोठ्यातल्या गायी कान टवकारायच्या. दात गेल्यावर हे सगळं बंद झालं. खांद्यावरचा दुपट्टा ते तोंडाभोवती गुंडाळून फिरायला लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, धुरळा लय हाय. पाऊस संपून महिनासुद्धा झाला नव्हता, रस्त्यात अजून चिखल होता, पण आमच्या बाबांना तेवढा धुरळा दिसायचा. जेवायला बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. पेज, खिचडी, दूध, पुन्हा पेज. मला त्यांचा राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

खरी अडचण भाऊबीजेची होती. बाबांना एकच बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी, ब्रह्मपुरीकडच्या गावात दिलेली. आमची आत्याबाई. दर भाऊबीजेला ती दोन गाड्या बदलून यायची आणि येताना स्वतःच्या हातचे अनारसे डबा भरून आणायची. ओवाळणी झाली की एक अख्खा अनारसा ती बाबांच्या ओठांत धरायची. बाबांनी हात लावायचा नाही. तिनं धरायचा आणि यांनी तोडायचा. त्या वेळी आम्ही सगळे गप्प बसायचो, कारण अनारशाचा कुर्रकन आवाज आला पाहिजे असा आत्याबाईचा नेम होता. आवाज आला की ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि बाबा डोळे मिटून, चावून चावून निकाल द्यायचे. "औंदा जमला बाई," किंवा "औंदा गूळ जरा पुढं गेला." नापास झाली तरी ती खूश असायची. हे दुसऱ्या कोणाच्या घरी होत असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र याच्याशिवाय भाऊबीज झाली असं कोणी म्हटलं नसतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी बाबांनी जेवता जेवता, भिंतीकडेच बघत, जाहीर केलं, "भाऊबीजेले मी वावरात राह्यतो. डुकरं लय माजली औंदा. जागलीले मानूस पाह्यजे."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"डुकरं काय भाऊबीजेच्याच दिवशी येतात का? तेही सकाळी?"

"धान उभा हाय अजून."

"धान उभा हाय अन् तुमची बहीन दोन गाड्या बदलून येऊन राह्यली. तिले मी काय सांगू? तुह्या भाऊ डुकरं हाकलून राह्यला म्हनून सांगू?"

बाबा उठले. हात धुऊन, तोंडाला दुपट्टा गुंडाळून बाहेर निघून गेले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लाजून राह्यले ते. ती अनारसा धरन तोंडापाशी, मंग हे काय करतीन?"

मला तेव्हा सगळं लख्ख कळलं. आत्याबाई येणार, पाट मांडलेला असणार आणि पाटावर कोणीच नसणार. ती तशीच परत जाणार. ज्या वर्षी पुरानं रस्ता बंद होता, त्या वर्षीसुद्धा ती डोंग्यात बसून आली होती. ते काही मला होऊ द्यायचं नव्हतं.

उपाय माझ्याकडे तयार होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. शाळेतल्या एका बाईंकडून वाचायला आणलेल्या जुन्या दिवाळी अंकात शेवटच्या पानावर एक कृती होती. घरच्या घरी गोठवलेलं कस्टर्ड. दूध, कस्टर्ड पावडर, साखर, साय, फ्रीजमध्ये चार तास. मी ती कृती महिनाभर आधीच वहीत उतरवून घेतली होती आणि बाबा शेवटचे दात काढायला चंद्रपूरला गेले तेव्हा चिठ्ठी लिहून पावडर मागवली होती. बिचाऱ्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, बोलता येत नव्हतं. दुकानात नुसती चिठ्ठी पुढं करून त्यांनी कस्टर्ड पावडरचं खोकं आणलं होतं. त्या खोक्याकडे बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला, की कस्टर्ड चावावं लागत नाही. तेच जर अनारशाच्या चवीचं केलं तर? खसखस, गूळ, तूप, भिजल्या तांदळाचा तो किंचित आंबूस वास, सगळं आत. आत्याबाईनं चमचा धरायचा, बाबांनी गिळायचं. रीतही पाळली जाईल आणि लाजही राहील.

राहिला फ्रीज. आमच्या गावात फ्रीज एकच, आरोग्य उपकेंद्रात, लसी ठेवायचा. मी सरळ नर्सबाईंकडे गेले आणि चार तासांपुरती एका डब्याची जागा मागितली. त्यांनी आधी मला ताप आहे का ते हात लावून पाहिलं.

"पोलिओच्या डोसाच्या बाजूले तुह्यं कस्टर्ड ठेवू? नोकरी घालवतं का माही?"

मी तणतणत घरी आले. म्हटलं, आधी कस्टर्ड तर करू, थंड करायचं मग बघू. काम उलट्या टोकानं सुरू करायची ही माझी सवय अजून गेलेली नाही.

गायगोधनाच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवशी आई सकाळपासून गोठ्यात अडकलेली होती. शिंगांना गेरू, गळ्यात माळा, गायींसाठी खिचडी. चूल माझ्या ताब्यात आली. मी पातेलंभर दूध उकळत ठेवलं, त्यात कस्टर्ड पावडरचं अख्खं खोकं कालवून ओतलं. दूध छान घट्ट झालं, पिवळंधमक. मग मी फडताळातून आईचा अनारशाच्या पिठाचा डबा काढला. तांदूळ तीन दिवस भिजवून, दळून, गूळ घालून मुरवलेलं ते पीठ. चवच आणायची तर हेच घातलं पाहिजे, याहून सोपं काय? दोन मुठींचा गोळा मी उकळत्या दुधात सोडला आणि ढवळायला लागले.

पाच मिनिटांत पाणी वेगळं आणि गोळे वेगळे. मी जोरजोरात ढवळलं, तसे गोळे आणखी बारीक झाले आणि पाणी आणखी निळं दिसायला लागलं. मी दुधाला दोष दिला, पातेल्याला दोष दिला, चंद्रपूरच्या दुकानदारालाही सोडलं नाही. आई आली, पातेल्यात डोकावली आणि कपाळावर हात मारला. गेरूचा पंजा तसाच कपाळावर उमटला.

"उकळत्या दुधात गूळ? नासन नाई तर काय होईन? दहावीत काय शिकवून राह्यले तुमाले?"

तेवढ्यात बाबा आत आले. आम्हा दोघींकडे आणि पातेल्याकडे पाहून त्यांना सगळा प्रकार समजला. त्यांनी एक वाटी घेतली, त्यात ते नासलेलं वाढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून खाऊन टाकलं. दुपट्टा नीट करून म्हणाले, "चांगलं हाय. चावा नाई लागत."

माझी समजूत घालायला म्हणाले ते. पण मला रडू फुटलं. रागानं, लाजेनं आणि त्या माणसावरच्या मायेनं, सगळं एकदमच. रडत रडत मी आईला सगळा बेत सांगून टाकला. बाबा तोवर बाहेर पडले होते.

आईनं ऐकून घेतलं. नाक मुरडलं नाही, हसली नाही. म्हणाली, "सांजच्याले करू. पन माह्या रीतीनं. तू मधात बोट नाई घालाचं."

आईची रीत अशी. अनारशाचं पीठ चाळताना चाळणीत जी जाडसर कणी उरते, ती तिनं गूळ न घालता वाळवून ठेवलेली होती. ती पाट्यावर अगदी मऊ वाटून घेतली. थंड दुधात कालवली आणि मंद जाळावर आटत्या दुधात सोडली. कस्टर्ड पावडर संपली म्हणून मी हळहळत होते, पण त्या तांदळानं दूध असं दाटलं की सराट्यावरून, म्हणजे उलथण्यावरून, ओघळेना. खसखस भाजून, वाटून घातली. जायफळ किसलं. एक अनारसा साजूक तुपात तळून, कुस्करून, फडक्यातून दाबून त्याचा भुगा आत गेला. गूळ मात्र वेगळ्या भांड्यात विरघळवला, गाळला आणि दोन्ही भांडी रात्रभर उतरंडीशेजारी गार होत ठेवली. भाऊबीजेच्या सकाळी थंड दुधात थंड गूळ घातला. दूध नासलं नाही. साखर-गुळाच्या मधला सुंदर बदामी रंग आला. मी बोट घातलं नाही, पण चमच्यानं चव घेतली. आईचा हात धरून सांगावंसं वाटलं की आई, तू जिंकलीस, पण मी त्या वयात असलं काही कोणाला म्हणत नसे. मी म्हटलं, "जमलं वाटते."

आता बर्फ. शेजारी ढिवर समाजाचं घर होतं, त्या घरचे भाऊ तलावातली मासोळी धरून चामोर्शीच्या बाजारात न्यायचे. त्यांच्याकडे पहाटेच्या जीपनं बर्फाची लादी यायची, पोत्यात बांधलेली, आणि ते ती अंगणातल्या खड्ड्यात धानाच्या कोंड्यात गाडून ठेवायचे. अर्धी लादी त्यांनी हसत दिली, एका अटीवर, की काय बनतं ते त्यांनाही चाखवायचं. मी लादी विहिरीवर नेली आणि धुवायला घेतली. एकदा धुतली. वास घेतला. पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा बादली उचलली तेव्हा भाऊ कुंपणापलीकडून ओरडले, "अजून एकदा धू पोरी, मंग नुसतं पानीच घेऊन जा घरी!"

मिठाची युक्तीही त्यांचीच. लांबच्या बाजाराला मासोळी न्यायची असली की ते बर्फात जाडं मीठ टाकायचे, त्यानं गारवा चढतो म्हणे. माझ्या दिवाळी अंकात हे कुठंच नव्हतं. आईला ते पटेना. सणाच्या दिवशी दूध आणि मीठ एका बादलीत? शेवटी तिनंच तोड काढली. कडीच्या डब्यात दूध भरलं, झाकण लावलं आणि झाकणाच्या कडेनं भिजवलेल्या कणकेचं जाड वेटोळं थापून डबा बंद केला. बादलीत फोडलेला बर्फ आणि मिठाचे थर, मधोमध डबा. डब्याची कडी धरून तो फिरवत राहायचा. सोडला की बर्फ सरकून डबा कलंडणार आणि खारं पाणी आत जाणार.

मी ओट्यावर बसून फिरवायला लागले. नऊ वाजून गेले होते. आत्याबाईची गाडी अकराची.

बाबा आतून निघाले. हातात काठी, पाठीला पेजेचा डबा, तोंडाला दुपट्टा. निघाले होते डुकरं हाकलायला. ओट्यावरून उतरता उतरता त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली आणि ते थांबले. आमच्या बाबांचा एक मोठा गुण म्हणा की दोष म्हणा, कोणी एखादं काम चुकीच्या रीतीनं करताना दिसलं की त्यांना पुढं जाताच यायचं नाही.

"असं नाई. एकाच बाजूनं काऊन फिरवून राह्यली? ताकाची रई फिरवतो तसं फिरव. इकडून तिकडं, तिकडून इकडं."

"मले येते."

"काय येते? डबा कलंडून राह्यला. सरक."

काठी भिंतीला टेकली. पेजेचा डबा खाली उतरला. "पाच मिनिटं," असं म्हणून ते बसले. पाच मिनिटांची पंधरा झाली. आईनं एकदा कणीक काढून, झाकण उघडून कडेला धरलेला थर सराट्यानं खरवडला, पुन्हा कणीक लावली. आत काहीतरी धरत होतं. बाबांनी ते पाहिलं मात्र, ते चेकाळलेच. बर्फ असा भर, मीठ तिकडं टाक, सूर्य आला बादलीवर, ओढ सावलीत. गारवा निघून जातो म्हणून बादलीला काहीतरी गुंडाळा म्हणाले. मी पोतं शोधायला उठले, तर म्हणाले, तेवढा वेळ कुठी हाय! आणि एका हातानं डबा धरून दुसऱ्या हातानं त्यांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला आणि बादलीला करकचून बांधला.

तीन आठवड्यांनी मी बाबांचं पूर्ण तोंड उजेडात पाहत होते. गाल आत गेले होते, हनुवटी पुढं आली होती. म्हातारे दिसत होते आणि तरीही कसे कोण जाणे, लहान दिसत होते. त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. जीभ बाहेर काढून, सगळा जीव लावून ते डबा फिरवत होते.

आणि फाटकाची कडी वाजली.

आत्याबाईनं अकराच्या गाडीची वाट पाहिलीच नव्हती. तिला गडचिरोलीहून एक जीप मिळाली होती, ती सरळ आमच्या फाट्यावर थांबली. डोक्यावर पदर, काखेत अनारशांचा डबा, अंगणाच्या मध्यावर येऊन ती उभी राहिली.

बाबांनी मान खाली घातली. एकदम छातीला लागली हनुवटी. दोन्ही हात डब्यावर, दुपट्टा बादलीला. त्यांनी तोंड दंडात लपवायचा प्रयत्न केला, तसा डबा कलंडायला लागला, म्हणून पुन्हा सरळ झाले.

"पोरी, धर," ते तोंडातल्या तोंडात मला म्हणाले. "धर लवकर."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला डबा धरता आला असता. ते उठून मागच्या दारानं निघून गेले असते आणि आईनं डुकरांची गोष्ट सांगितली असती. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिले. त्या वयात मी जी काही थोडी शहाणपणाची कामं केली, त्यातलं हे एक.

"बाबू," आत्याबाई म्हणाली. पन्नाशीतल्या भावाला ती बाबूच म्हणायची. "वर पाह्य."

बाबा डबा फिरवत राहिले. आई दारात उभी होती, तिच्या हातातला सराटा तसाच होता. बादलीतला बर्फ तेवढा करकरत होता.

"बाबू, तुह्ये दात?"

"गेले, बाई," बाबा म्हणाले. आणि मान वर केली. मला त्यांच्याकडे बघवेना. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. "सगळेच गेले. तुह्या अनारसा नाई तोडू शकत औंदा."

आत्याबाईनं काखेतला डबा हळूच खाली ठेवला आणि पायानं ओट्याच्या आड सरकवला. मग ती बादलीपाशी उकिडवी बसली.

"हे काय करून राह्यला मंग?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "अनारसाच हाय," ते म्हणाले. "पन पातळ होता. आता कडक करून राह्यलो."

आई फसकन हसली. मग मी. आत्याबाईनं डब्याला हात लावून पाहिला आणि गारव्यानं झटकन मागं घेतला. म्हणाली, "मंग फिरव ना, थांबला काऊन?"

अजून अर्धा तास लागला. बाबा आणि आत्याबाई पाळीपाळीनं फिरवत होते, आणि दात काढताना काय काय झालं ते बाबा तिला हातवारे करून सांगत होते. बोलताना शब्द घसरत होते, ती पुन्हा विचारत होती, ते पुन्हा सांगत होते. आईनं तिथंच ओट्यावर पाट मांडला. ओवाळून झालं. कणीक काढून डबा उघडला तर आत दाट, बदामी, वर खसखशीचे ठिपके असलेलं काहीतरी उभं राहिलं होतं. आईस्क्रीम म्हणावं तर मध्ये मध्ये बर्फाचे खडे, कस्टर्ड म्हणावं तर सराटा उभा राहत होता.

मी चमचा पुढं केला. आत्याबाईनं तो घेतला नाही. तिनं डब्यात सरळ दोन बोटं घातली, बोटांवर गोळा घेतला आणि बाबांच्या तोंडापाशी नेला.

बाबांचे ओठ पुन्हा मिटले. आमच्या सगळ्यांच्या देखत बोळकं उघडायचं होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आ कर."

मान पुन्हा हलली.

"येडा हायेस का रे तू?" आत्याबाई म्हणाली. "माय गेली तवा तू सा महिन्याचा होता. एक दात नोता तुह्या तोंडात. या दोन बोटांनी पेज भरवली म्या तुले. हेच तोंड होतं तवा. मले काय नवीन दिसनार हाय त्यात?"

बाबांनी तोंड उघडलं. तिनं बोटं आत घातली. बाबांनी डोळे मिटले. जिभेवर ते बराच वेळ फिरवत राहिले. आम्ही सगळे दरवर्षीसारखे गप्प बसलो होतो, पण कुर्रकन आवाज येणार नव्हता आणि कोणी त्याची वाट पाहत नव्हतं. डोळे मिटलेलेच होते, त्यातून पाणी गालावर आलं.

"जमला, बाई," ते म्हणाले. मग डोळे उघडले आणि तोंडभर हसले. नुसत्या हिरड्या दाखवून, पूर्वीसारखे, मोठ्यानं. गोठ्यातून गाय हंबरली.

मग सगळ्यांनी खाल्लं. शेजारचे भाऊ वाटी घेऊन हजर झाले, दोनदा वास घेऊन पाहिला आणि थोडे हिरमुसलेच. "मासोळीचा वास तर येऊनच नाई राह्यला," म्हणाले. नर्सबाईंनाही एक वाटी पाठवली, वितळायच्या आत. त्या दिवशी बाबा वावरात गेलेच नाहीत. डुकरांनी काय केलं ते कोणी विचारलंही नाही.

संक्रांतीच्या नंतर कवळी आली. बाबा पुन्हा ओट्या-ओट्यावर थांबायला लागले, जेवायला आमच्याकडे तोंड करून बसायला लागले. नव्या दातांचं त्यांना भारी कौतुक होतं. ते एका पेल्यात भिजत ठेवायचे आणि सकाळी घासून चकचकीत करायचे. शेंगदाणे फोडून दाखवायचे. आता अनारसाही फुटेल, असं ते चामोर्शीच्या बाजारात ओळखीपाळखीच्यांना सांगत सुटले होते.

पुढची भाऊबीज आली. आत्याबाई आली, तिच्या डब्यात अनारसे होते. आईनं पाट मांडला. आत्याबाईनं ओवाळलं आणि डब्यातला एक सुरेख, जाळीदार अनारसा निवडून घेतला. बाबांचे नवे दात पाहून तिचाही चेहरा फुलला होता.

"थांब, बाई," बाबा म्हणाले.

त्यांनी आईकडे वाटी मागितली. वरची कवळी काढून वाटीत ठेवली, खालची काढून वाटीत ठेवली. मग पाटावर नीट मांडी घातली, डोळे मिटले आणि मोठ्या बहिणीसमोर आ केला.